मारेकऱ्याच्या हाती मणाचे हत्यार

चिनी कथांतला जड, लांब दांड्याचे हत्यार चालवणारा योद्धा-मारेकरी हे दोन माणसांचे मिळून झालेले एक पात्र आहे. पहिला माणूस रणांगणावरचा. तो घोड्यावर असतो, त्याच्यामागे निशाण असते आणि त्याचे हत्यार दोन्ही फौजांना दुरून दिसावे एवढे मोठे असते. दुसरा अंधारातला. त्याचे सगळे काम न दिसण्यावर चालते. मराठीने या दोघांना कधी एका शब्दात बसवले नाही. लढवय्या आपणहून लढतो, मारेकरी मात्र कुणीतरी 'घातलेला' असतो. हात याचा असला तरी डोके दुसऱ्याचे, हे त्या क्रियापदातच येऊन जाते. चिनी कादंबऱ्यांतून आणि त्यांवर बेतलेल्या सिनेमांतून, खेळांतून हे दोघे एकत्र आले. हातात पुरुषभर उंचीहून मोठा दांडा, त्यावर चंद्रकोरीसारखे रुंद पाते, आणि धंदा मात्र गुपचूप जीव घेण्याचा.

असा माणूस संभवतो का, यावरचे दोन पक्ष पुढे संवादाने मांडले आहेत. संवाद कल्पित आहे. त्यासाठी निवडलेली जागा बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यातली, एका तिमजली इमारतीची गच्ची. एका बाजूला मामा: कोल्हापूरच्या तालमीत मर्दानी खेळ शिकलेले, नोकरीपायी इकडे स्थायिक झालेले, रविवारी सकाळी गच्चीवर पोरांना लाठी शिकवणारे. दुसऱ्या बाजूला त्यांची भाची, चित्रकथा काढणारी. तिच्या वहीत असा एक चिनी मारेकरी आहे आणि त्याच्या हत्याराशेजारी पेन्सिलीने वजन लिहिले आहे: ८२ जिन.

हा आकडा तिच्या मनचा नाही. चौदाव्या शतकातल्या ल्वो ग्वानचोंगच्या नावावर असलेल्या 'तीन राज्यांची कथा' या कादंबरीत ग्वान यू हा वीर जे हत्यार घडवून घेतो त्याचे हे वजन. त्या कादंबरीची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील प्रत १५२२ सालची आहे. जिन हे वजन काळाबरोबर बदलत गेले. हान काळात ते पाव किलोच्या आतबाहेर होते, मिंग काळात सहाशे ग्रॅमच्या आसपास.

"म्हणजे आपले किती?" मामांनी विचारले.

"हान काळचं धरलं तर अठरा-वीस किलो. कादंबरी लिहिली त्या काळचं धरलं तर एकोणपन्नास."

"सिमेंटची गोणी पन्नासची असते. ती दांड्याला बांधून हा या तिसऱ्या चित्रात भिंतीवरून उडी मारतोय. बरं. आणि खाली उतरल्यावर आवाजही नाही?"

"मामा, ती कथा आहे."

"कथा आहे म्हणूनच विचारतो. खरं असतं तर विचारायला तो उरला नसता."

जड दांड्याच्या हत्यारात खरा प्रश्न वजनाचा नसून ते वजन हातापासून किती लांब आहे याचा असतो. हे दाखवायला मामांनी फाटकाशी ठेवलेला बांबू वर आणायला सांगितला. उल्हास नदी फुगली की हेंद्रेपाड्याच्या सखल भागात पाणी येते. किती चढले ते बघायला असे बांबू ठेवलेले असतात. सात फुटी बांबूच्या टोकाला दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली सुतळीने आवळली आणि दुसरे टोक भाचीच्या हातात दिले. मागचा हात अगदी शेवटाला, पुढचा त्याच्यापासून दोन फुटांवर, बांबू जमिनीला समांतर. बाटली दोन किलोची. पण ती पुढच्या हातापासून पाच फुटांवर आहे आणि मागचा हात फक्त दोन फुटांवर, म्हणून टोक खाली जाऊ नये यासाठी मागच्या हाताला पाच किलोचा दाब द्यावा लागतो. तो दाब आणि बाटलीचे वजन मिळून पुढच्या हातावर सात किलो येतात. बांबूचे स्वतःचे वजन आणखी वेगळे. बाटलीच्या जागी वीस किलोचे पाते ठेवले, तर मागच्या हाताला पन्नास आणि पुढच्या हाताला सत्तर. हा हिशेब नुसते धरून उभे राहण्याचा आहे. फिरवायचे, थांबवायचे, पुन्हा उलट फिरवायचे, हे सगळे अजून व्हायचे आहे.

मामा अंक मोजत होते. विसाव्या अंकाला बाटली थरथरू लागली. तिसाव्याला बांबू टेकला.

खऱ्या लढाईतली लांब हत्यारे म्हणूनच हलकी असतात, साधारण दोन ते चार किलोंची. चीनमध्येही तसेच आणि इथेही तसेच. मराठ्यांचा भाला लांब, पण वेळूच्या दांड्याचा. दांड्यासकट सबंध लोखंडाची सांग असते, ती सडपातळ ठेवावी लागते. विटा तर याहून हुशार हत्यार: त्याच्या दांड्याला दोरी असते आणि ती मनगटाला गुंडाळलेली असते, म्हणजे फेकलेला विटा परत ओढून घेता येतो. जड असता तर मनगट निखळले असते. घोड्यावरच्या सरावासाठी पात्याऐवजी बोंड लावलेली बोथाटी असे. या सगळ्यांत भर असते ती पोच आणि फिरत या दोन गोष्टींवर. मामांच्या तालमीत नव्या पोराच्या हातात पहिले वर्षभर लाठी देतात, आणि जे पोर जड लाठी मागते त्याला हलकी देतात. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण वस्तादांना तो ठाऊक असतो.

इथवर मामांचा पक्ष भक्कम आहे. भाचीने तो एका प्रश्नाने हलवला.

"मग मणाची हत्यारं कुणी बनवलीच नाहीत?"

बनवली. आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला जायचेही कारण नाही, जेजुरीला गेले तरी पुरते. खंडोबाच्या गडावर बेचाळीस किलोंचा खंडा आहे, जुन्या मापाने मणभर. पेशवाईतल्या पानसे सरदारांनी तो देवाला वाहिला. जेजुरीच्या मर्दानी दसऱ्याला रात्रभर पालखीचा सोहळा चालतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा खंडा उचलण्याची स्पर्धा लागते. एका हाताने तोलून धरायचा, हात कोपरात मोडायचा नाही, पंच घड्याळ लावून बसतात. काही जण तो दातांत धरून उचलतात. एरवी शेतात किंवा दुकानात काम करणारे हे गडी असतात, आणि त्यांच्या गावाला तो दिवस वर्षभर पुरतो. त्या खंड्याने कुणाला मारायचे आहे असे कुणाच्याही मनात नसते.

चीनमध्ये हेच सरकारी पातळीवर झाले. छिंग राजवटीत लष्करी अधिकारी निवडण्याची परीक्षा होती. तीत धनुष्य ताणणे, दगड उचलणे आणि लांब दांड्याचे जड पाते फिरवणे असे बळाचे तीन भाग होते. पात्यांच्या तीन प्रती असत: ८०, १०० आणि १२० जिन. शेवटचे पाते बहात्तर किलोंच्या घरात जाते. उमेदवाराने ते अंगाभोवती फिरवून दाखवायचे. १९०१ मध्ये ही परीक्षाच बंद झाली. बंदुकांच्या काळात ती कधीच मागे पडली होती. परीक्षेतले हे पाते लढाईसाठी नव्हतेच, ते माणूस मोजायचे माप होते. संग्रहालयात किंवा जुन्या छायाचित्रांत ही पाती बघून लोकांना वाटते की त्या काळचे योद्धे राक्षसासारखे बलदंड होते. कादंबरीतल्या ८२ जिनांना या पात्यांमुळे मागाहून पुरावा मिळाल्यासारखे झाले.

"म्हणजे माझं वजन बरोबर," भाची म्हणाली.

"वजन बरोबर. काम चूक. जेजुरीचा खंडा उचलणाऱ्याला रात्री कुणाच्या माडीवर पाठवशील का?"

"तुम्ही सारखे कामाकडे बघताय. मी बघणाऱ्याकडे बघतेय. खंडा उचलताना लोक ओरडतात ते कशाला? तो माणूस कोण आहे हे त्यांना त्या वजनातून कळतं. माझ्या पात्राचं वजन तेवढ्याचसाठी आहे."

तिच्या म्हणण्याला आधार खुद्द ग्वान यूचा आहे. हा इतिहासातला माणूस. हान साम्राज्य मोडत असताना लढला आणि इ.स. २२० च्या सुमारास मारला गेला. तिसऱ्या शतकातच छन शोऊ या इतिहासकाराने त्याचे चरित्र लिहिले. त्यात इ.स. २०० मधल्या बाइमाच्या लढाईचा प्रसंग आहे: शत्रूचा सेनापती येन ल्यांग याचे छत्र-निशाण दिसताच ग्वान यूने घोडा थेट गर्दीत घातला, त्याला भोसकले आणि मस्तक कापून आणले. क्रियापद भोसकण्याचे आहे, म्हणजे हत्यार बहुधा भाला. चंद्रकोरीच्या पात्याचा तिथे मागमूस नाही. तशा पात्याचे चित्र आणि वर्णन सापडते ते सोंग राजवटीच्या १०४४ मधल्या लष्करी ग्रंथात, ग्वान यूनंतर आठशे वर्षांनी. त्यानंतर कथाकारांनी ते त्याच्या हातात दिले, कादंबरीने त्याला वजन दिले आणि देवळांनी ते कायम केले.

कारण ग्वान यू पुढे देव झाला. निष्ठेचा आणि न्यायाचा देव. त्याची पूजा मुंबईतही होते. माझगावात, डॉकयार्ड रोड स्थानकापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, चिनी समाजाचे सी यूप कून हे १९१९ मधले मंदिर आहे; तिथे तो ग्वान कुंग म्हणून आहे. बदलापूरहून लोकलने निघालेल्या माणसाला दीड-दोन तासांत हा देव भेटू शकतो, हे बदलापुरात फारसे कुणाला माहीत नसते. चिनी चित्रांत आणि मूर्तींत त्याचा चेहरा लाल, दाढी लांब आणि शेजारी ते हत्यार. हत्यार नसेल तर तो ओळखू येणार नाही. गदेविना मारुतीचे जे होईल तेच.

"हेच म्हणते मी," भाची म्हणाली. "मारुतीच्या गदेचं वजन कुणी विचारतं का? महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा देतात, तिनं कुणी कुस्ती खेळतं का?"

मामांनी हा मुद्दा सोडून दिला. हरल्यामुळे नाही, त्यांचा मुख्य आक्षेप अजून यायचा होता. तो वजनावर नव्हता, धंद्यावर होता.

मारेकऱ्याचे हत्यार आखूड असते, ही गोष्ट चिनी इतिहासानेच सगळ्यांत ठळक सांगितली आहे. सिमा छ्यान या इतिहासकाराने आपल्या ग्रंथात मारेकऱ्यांची चरित्रे म्हणून एक वेगळे प्रकरण ठेवले. त्यात पाच जण आहेत आणि लांब दांड्याचे हत्यार घेऊन गाजलेला त्यांत एकही नाही. इ.स.पू. ५१५ मध्ये ज्वान जू नावाच्या माणसाने वू राज्याच्या राजाला मेजवानीत मारले. राजाने दारापासून आसनापर्यंत पहारेकरी उभे केले होते, वाढप्यांची झडती होत होती. खंजीर आत गेला तो शिजवलेल्या माशाच्या पोटातून. इ.स.पू. २२७ मध्ये जिंग ख हा छिन राज्याच्या राजाला मारायला गेला, तो राजा म्हणजे पुढचा पहिला सम्राट. त्याने नजराणा म्हणून नकाशा नेला. गुंडाळी उलगडत गेली आणि शेवटच्या वेढ्यात खंजीर निघाला.

या दुसऱ्या प्रसंगात मामांना जो तपशील प्रिय आहे तो राजाच्या बाजूचा आहे. राजाच्या कमरेला तलवार होती, पण ती लांब होती. घाबरून उठलेल्या राजाला ती म्यानातून निघेना. दरबारात इतर कुणी शस्त्र बाळगायचे नाही असा नियम असल्यामुळे मंडळी नुसती ओरडत होती. राजवैद्याने औषधांची पिशवी फेकून मारली. राजा खांबाभोवती पळत होता. शेवटी तलवार पाठीवर टाका असे कुणीतरी सुचवले, मग ती निघाली आणि मारेकरी पडला.

"तीन-साडेतीन फुटांची तलवार राजाला स्वतःच्या घरात उपसता येईना," मामा म्हणाले, "आणि तुझा गडी सात फुटांचा दांडा घेऊन दुसऱ्याच्या घरात शिरतो. हा जिना बघ. या वळणावर बांबू आणताना पोराला तीनदा तिरपा करावा लागला."

महाराष्ट्राचा इतिहासही याच बाजूला साक्ष देतो. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांची अफझलखानाशी भेट ठरली तेव्हा दोन्हीकडे मोजके अंगरक्षक होते. शामियान्यात निर्णय झाला तो बिचवा आणि वाघनखे यांनी, म्हणजे बाहीत आणि मुठीत मावणाऱ्या हत्यारांनी, आणि अंगरख्याखालच्या चिलखताने. लांब हत्यारांचे काम त्यानंतर सुरू झाले. सय्यद बंडा धावून आला आणि जिवा महाला आडवा गेला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण त्या क्षणाची आहे. साडेतीन वर्षांनी, ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शाएस्तेखानावर छापा पडला. तिथेही अंधार, बायकांची दालने, अरुंद दारे. तलवारीच्या वारात खानाची बोटे गेली आणि तो वाचला. भाले घेऊन कुणी आत गेले असते तर आपल्याच माणसांना अडकले असते.

यावर भाचीने इतिहास सोडून महाभारताचा आधार घेतला. तिला वाटत होते की भीमाने तरी तिला साथ द्यावी. जड हत्याराचा धनी, आणि गुपचूप वधही केलेला.

पण भीम मामांच्या बाजूने निघतो. अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली. दसऱ्याला शमीची पूजा होते ती त्या आठवणीची. विराटाच्या घरी भीम आचारी होता. द्रौपदीच्या मागे लागलेल्या कीचकाला मारायचे ठरले तेव्हा तो रात्री नृत्यशाळेत अंधारात जाऊन पडून राहिला आणि कीचक जवळ येताच नुसत्या हातांनी त्याला संपवले. ज्याची सगळी ओळख गदेची, त्याने मारेकऱ्याचे काम करताना गदा घेतली नाही. अश्वत्थाम्याचेही तसेच. सौप्तिक पर्वात तो रात्री छावणीत शिरतो आणि झोपलेल्या धृष्टद्युम्नाला लाथाबुक्क्यांनी मारतो. शस्त्राने मरण दे अशी त्याची विनंतीसुद्धा मानत नाही. व्यासांना हत्यारांची कमी नव्हती. रात्रीच्या या दोन वधांत मात्र त्यांनी वीराचे हत्यार वापरू दिलेले नाही.

मराठी माणसाच्या मनात कीचकवध ठसला तो मात्र रंगभूमीवरून. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगमंचावर आले. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना सांगावे लागले नाही, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. बंदीच्या आधीचा काळ पाहण्यासारखा आहे. २२ जून १८९७ ला पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी ब्रिटिश अधिकारी रँडवर गोळी झाडली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'चा प्रयोग असताना अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. रंगमंचावर पुराणातला बलदंड भीम, आणि बाहेर कोटाच्या खिशात मावणारे पिस्तूल. सरकारला दोघांचे नाते दिसले ते चुकीचे नव्हते. पण प्रत्यक्ष काम पिस्तुलाने झाले. भीमाने काय केले असेल तर ते बघणाऱ्यांच्या मनात.

"मग मी म्हणत होते तेच झालं की," भाची म्हणाली. "जड हत्यार बघणाऱ्यासाठी."

"झालं. पण मग त्याला नाटकात ठेव. मारेकरी म्हणू नकोस."

वाद इथे अडकला असता. तो सोडवणारा माणूस पुन्हा 'तीन राज्यां'च्या काळातच सापडतो आणि तो ग्वान यू नाही. त्याचे नाव लू बू.

लू बू हा त्या काळचा सर्वांत दणकट लढवय्या मानला जातो आणि कादंबरीत त्याच्या हातात लांब दांड्याचे, भाल्याचे टोक आणि बाजूला चंद्रकोर असलेले हत्यार आहे. त्याने इ.स. १९२ मध्ये दोंग च्वोला मारले. दोंग च्वोने राजधानी ताब्यात घेतली होती, बालसम्राटाला मुठीत ठेवले होते आणि लू बूला मानसपुत्र करून आपला अंगरक्षक नेमले होते. पुढे दोघांत बिनसले. रागाच्या भरात दोंग च्वोने एकदा त्याच्या दिशेने हातातले शस्त्र भिरकावले होते. त्याच्या एका दासीशी लू बूचे संबंध होते, तेही उघडे पडण्याची भीती होती. मंत्र्यांनी ही तेढ हेरली. त्या दिवशी राजवाड्याच्या दाराशी दोंग च्वोची गाडी आली. पहिला वार ली सू याने केला, पण दोंग च्वोच्या कपड्यांखाली चिलखत होते. हात जखमी होऊन तो गाडीतून पडला आणि आपल्या अंगरक्षकाला हाका मारू लागला. अंगरक्षक शेजारीच होता. सम्राटाची आज्ञा आहे असे म्हणून त्याने भाला चालवला. जुन्या इतिहासात हत्यार भाला आहे. कादंबरीने त्याचे चंद्रकोरीचे हत्यार केले.

या प्रसंगात हत्यार लपवावेच लागले नाही. पहारेकऱ्याच्या हातात लांब दांडा असतोच. नसता तर उलट संशय आला असता. माशाच्या पोटातून खंजीर न्यावा लागतो तो बाहेरच्याला. आतल्याला भाला खांद्यावर टाकून दारात उभे राहता येते.

मराठी इतिहासात याचे उदाहरण दुखरे आहे. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस, शनिवारवाडा. नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो वाड्यावरच्या गारद्यांच्या हातून. पगाराची कुरबूर घेऊन ते हत्यारांनिशी आत आले, आणि ती त्यांची रोजची हत्यारे होती. नारायणराव काकांच्या दालनाकडे धावले. चापाजी टिळेकर या सेवकाने त्यांच्या अंगावर पडून वार झेलले, तोही मेला. सुमेरसिंग गारदी हे नाव मराठीत शिवीसारखे उरले. 'ध'चा 'मा' केल्याची कथा खरी की मागाहून रचलेली यावर बरेच लिहिले गेले आहे, पण तिच्यात एक गोष्ट मुरलेली आहे: हुकूम 'धरावे' असता तरीही माणसे तीच आणि हत्यारे तीच राहिली असती. एका अक्षराने पहारा मारेकरी झाला. वाड्याच्या भिंतींची उंची आणि दिल्ली दरवाजाचे खिळे त्या दिवशी उपयोगाचे नव्हते.

मामांनी वही पुढे ओढली. भिंतीवरून उडीचे चित्र आणि त्याच्या आधीचे छपरावरून धावण्याचे, ही दोन काढून टाक, असे त्यांचे म्हणणे पडले. भाचीला छप्पर सोडवत नव्हते. तिने त्यावर दोन दिवस घालवले होते. शेवटी छप्पर राहिले, पण त्यावर मारेकरी नाही, पाऊस.

"हा पहिल्या पानापासून दारात उभा दाखव. प्रत्येक पानावर, मागे, कुठंतरी. वाचणाऱ्याचं लक्ष जाऊ देऊ नकोस."

"आणि वजन? ते ब्याऐंशीच राहणार. ते मी सोडणार नाही."

यावर मामा थांबले. मग त्यांनी बांबू पुन्हा उचलला. या वेळी आडवा धरला नाही. बूड गच्चीच्या लादीवर टेकवले, बाटली वर. एका हाताची बोटे नुसती लावली होती. सात फूट उंच बांबू आणि टोकाला दोन किलो, पण हातावर काहीच नाही, सगळे वजन जमिनीवर. मघाशी विसाव्या अंकाला थरथरलेली तीच बाटली आता स्थिर होती. पहारेकरी दिवसभर उभा राहू शकतो तो याच कारणाने. चिनी लांब हत्यारांच्या बुडाला लोखंडी टोपण किंवा टोक असते, त्याचे एक काम हेच.

मग त्यांनी बूड पायाने दाबून धरले आणि बोटे सोडली. बांबू आपल्याच वजनाने कलला, आधी सावकाश, मग एकदम, आणि बाटली कठड्याजवळ ठेवलेल्या रंगाच्या रिकाम्या डब्यावर आली. डबा मधोमध चेपला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडले.

"उचलायचं नाही. पडू द्यायचं," मामा म्हणाले. "एकदाच. दुसरा वार त्याला जमणार नाही, तेवढ्यात इतर पहारेकरी त्याला घेतील. हे चालेल तुझ्या कथेला?"

भाचीने विचारले की मग दालनाचे छत किती उंच धरायचे. दांडा सात फुटांचा, पाते दोन फुटांचे, आणि पडताना टोक मोठे पाव वर्तुळ घेणार. तिच्या हेंद्रेपाड्यातल्या खोलीचे छत साडेनऊ फुटांवर आहे. तिने सगळी दालने नकळत त्याच मापाने काढली होती. ती पुन्हा मोजून पाहावी लागणार होती.